चालत्या घराचं मोल

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेला की बदलापूर गावातल्या कुंपणांवर घरं चालायला लागतात. उन्हाळाभर दगडांच्या सांदीत, घाणेरीच्या बुडाशी, शंखाचं तोंड पातळ पडद्याने लिंपून निजलेल्या गोगलगायी ओल लागताच तो पडदा मोडून बाहेर येतात. आधी दोन लांब शिंगं, त्यांच्या टोकाला डोळे. मग दोन आखूड. मग मऊ, ओला पाय. सगळं अंग बाहेर आलं की पाठीवरचं घर एका बाजूला थोडं कलतं, सावरतं आणि पुढे सरकतं. सकाळच्या लोकलसाठी धावणारी माणसं त्यांना ओलांडून जातात. एखाद्या रविवारी मात्र तिथे उकिडवं बसून बघावं. शंखाच्या तोंडाशी जी कड असते ती बाकीच्या शंखापेक्षा पातळ आणि फिकट दिसते. ते नवं बांधकाम. काल-परवा वाढवलेलं.

हा शंख तिला कुणी आणून देत नाही. आपल्याच अंगातून ती तो पाझरवते, कडेकडेने, वेढ्यामागून वेढा. त्यासाठी लागणारा चुना मातीतून मिळवायचा, पाल्यातून मिळवायचा आणि नाहीच पुरला तर भिंतीतून. मोठ्या आफ्रिकी गोगलगायी चुना लावलेल्या भिंती खरवडून खातात, त्या याच गरजेपोटी. शिवाय चालण्याचा खर्च वेगळा. १९८० साली मार्क डेनी या शास्त्रज्ञाने शंख नसलेल्या एका गोगलगायीच्या चालण्याचा हिशेब मांडला, तेव्हा असं दिसलं की तेवढंच अंतर कापायला तेवढ्याच वजनाच्या धावणाऱ्या प्राण्याला जी शक्ती लागते, तिच्या कित्येक पट हिला लागते. बरीचशी शक्ती पायाखालचा चिकट द्रव तयार करण्यातच जाते. आपला रस्ता ती स्वतः अंथरत जाते. पाठीवर घर असलेलीचा हिशेब यापुढचा. त्या घराची बाकी ती वेग देऊन फेडते: सगळ्या रानात तिच्याइतकं सावकाश कुणी जात नाही.

गेल्या काही वर्षांत बारवी धरणाच्या रस्त्याला, उल्हास नदीच्या पुलाच्या अलीकडे, माणसांची चालती घरंही अधूनमधून उभी दिसतात. २०२१ साली राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मोटारहोम हा शब्द आमच्या गावातही रुळला. साध्या मोटारहोमलाही कित्येक लाख लागतात. मोठ्या बसच्या चॅसिसवर मागणीप्रमाणे बांधून घेतलं तर आकडा कोटीत जातो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तयार होणाऱ्या प्रेव्हो बसचा रिकामा सांगाडा घेऊन अमेरिकेतले कारागीर त्यात जे घर उभं करतात, त्याची किंमत २० लाख डॉलरच्या पुढे जाते. आपल्या पैशात सोळा-सतरा कोटींहून जास्त. गावात हे सांगितलं की ऐकणारा एकच प्रश्न विचारतो: एवढ्या पैशात इथे किती फ्लॅट येतील? प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर मला याच गावाच्या भोवतालात सापडत गेलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

घराला जडपणा हवा. जाड भिंत ऊन अडवते, जाड लाकूड वाकत नाही, दगडी ओटा हलत नाही. चाकाला नेमकं उलटं हवं. चाक म्हणतं, माझ्यावरचा प्रत्येक किलो मला चढावर ओढायचा आहे आणि उतारावर थांबवायचा आहे. हे दोघे एकमेकांचे सोयरे नव्हेत. त्यांना एका छताखाली नांदवायचं तर कुणाला तरी काहीतरी सोडावं लागतं. रानात ज्यांची ज्यांची घरं चालतात, त्या प्रत्येकाने काय सोडलं ते बघत गेलं की माणसाच्या घराची किंमत उलगडते.

बारवीच्या जंगलात उंच सावरीवर, चंदेरीच्या कड्याच्या कपारीला, हल्ली तर गावातल्या उंच इमारतींच्या सज्जांखालीही आग्या मोहोळ लागतं. लांबून काळा, थरथरता पडदा दिसतो. मधमाश्या उठून गेल्यावर मागे राहिलेलं पोळं हातात घेऊन बघावं. तळव्यावर त्याचं वजन जाणवतच नाही. कार्ल फॉन फ्रिश या मधमाश्यांच्या थोर अभ्यासकाने नोंदवलेलं आहे की पाळीव मधमाश्यांचं अवघं ४० ग्रॅम मेणाचं पोळं दीड किलोहून अधिक मध पेलतं. सहा भिंतींच्या कोठड्या, प्रत्येक भिंत शेजारणीशी वाटून घेतलेली, त्यामुळे कुठेच दुप्पट सामान नाही. पण हा हलकेपणा फुकट येत नाही. किलोभर मेण पाझरायला माश्यांना कित्येक किलो मध खावा लागतो, आणि तो मध जमवायला हजारो माश्यांची उड्डाणं लागतात. इतकं महागाचं घर, आणि फुलोरा सरला, पाणी आटलं, की आग्या माश्या ते तिथेच सोडून दूरच्या रानाकडे उठून जातात. घर नेत नाहीत, फक्त मध पोटात घेतात.

मोटारहोम बांधणाऱ्यांनी हलकेपणाची ही विद्या माशीकडूनच घेतली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाला एका शेडमध्ये अशी गाडी बांधताना मला बघायला मिळाली. मध्यभागी मोठ्या बसची उघडी चॅसिस, तिच्यावर चौकोनी पाइपांच्या बरगड्या, पत्रा अर्धाच चढलेला. एका बाजूला टेबलावर स्वयंपाकाच्या ओट्याचा तुकडा पडला होता. वर पांढराशुभ्र संगमरवर. मी दोन्ही हातांनी जोर लावून उचलायला गेले आणि तो अलगद वर आला. तिथल्या मिस्त्रींनी तो आडवा करून कड दाखवली. वर दगडाचा काही मिलिमीटरचा पापुद्रा, खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं षट्कोनी पोळं, त्याखाली पुन्हा पत्रा. त्यांनी बोटाच्या पेराने टिचकी मारली, तर आत पोकळ आवाज घुमला. घरच्या ओट्याला लावतात तो १८ मिलिमीटरचा संगमरवर चौरस मीटरला पन्नास किलोच्या आसपास भरतो. इथे तेवढं रूप ठेवून बहुतेक वजन काढून टाकायचं होतं. दगड चिरायचा, न तडकता पापुद्रा काढायचा, पोळ्यावर चिकटवायचा, कडा अशा मिटवायच्या की जाड दगडच वाटावा. दगडाची किंमत त्यात सर्वांत कमी. किंमत आहे ती नसलेल्या दगडाची.

मिस्त्री साठीचे असतील. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांची १९४९ साली वसाहत झाली, तिथे पुढे जे नाना धंदे उभे राहिले त्यात फर्निचरचा मोठा. कपाट, पलंग, शोकेस एकाच मापात शेकड्याने कापायचे आणि स्वस्तात विकायचे, हे तिथलं बळ. त्या कामाबद्दल मिस्त्रींना आदरच आहे. पण ते म्हणाले, "ताई, घराला ओळंबा असतो. दोरी सोडली की सरळ काय ते कळतं. इथं दोरी सोडून उपयोग नाही. गाडी उद्या कुठं उभी असेल, चढावर की उतारावर, कोणाला ठाऊक? चॅसिसच आपली धरती. सगळं माप तिच्यावरून."

मग त्यांनी एक कपाट बसवताना दाखवलं. बसची भिंत वर जाताना आत झुकते, आणि दोन्ही बाजूंना सारखीच झुकते असंही नाही. म्हणून आधी जाड पुठ्ठा कापायचा, भिंतीला लावून बघायचा, पेन्सिलीने खूण करायची, पुन्हा कापायचा. पुठ्ठा बसला की त्यावरून प्लाय. प्लाय लावला की कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण जुळले तर चौकट काटकोनात. मग त्या चौकटीला सैलपणा द्यायचा, कारण एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी बस पिळवटते आणि घट्ट सांधा सगळ्यात आधी तडकतो. त्यामुळे स्क्रू कमी, लवचीक चिकटा जास्त. खण ओढला की उघडत नाही. आधी किंचित उचलावा लागतो, मग ओढायचा. नाहीतर पहिल्याच वळणावर सगळे चमचे जमिनीवर. काचेच्या दाराला कळ, आरशाच्या मागे रबर, वायरींच्या जुडग्याला हातभर अंतरावर बंद, आणि प्रत्येक वायरीवर कागदाची चिठ्ठी: पंप, बेडलाइट, पंखा. चालती गाडी म्हणजे न संपणारा भूकंप. त्या भूकंपात पंधरा-वीस वर्षं टिकेल असं घर बांधायचं, असा तो हुकूम. एका कपाटाला मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाला दोन दिवस लागले होते, आणि तेवढं करूनही दुसऱ्या बाजूच्या कपाटासाठी तो पुठ्ठा कामाला येणार नव्हता.

मोठ्या किमतीची जड बाजू इथे आहे, लोक समजतात तशी सोन्याच्या नळात किंवा चामड्याच्या खुर्चीत नाही. खालची चॅसिस कारखान्यातून येते. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली सुरू केलेल्या बजाज टेम्पोची, आताच्या फोर्स मोटर्सची, ट्रॅव्हलर आपण रोज रस्त्यावर बघतो. तिचे आराखडे, साचे, चाचण्या यांचा खर्च हजारो गाड्यांत वाटला जातो, म्हणून एकेक गाडी आवाक्यात येते. तिच्यावरचं घर मात्र एकच नग. त्याचा आराखडा एकदाच वापरायचा, साचा एकदाच, चूक झाली तर तिचा भारही त्याच एकावर. त्यात मोटार कॅरॅव्हॅनसाठी देशात एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे; त्याची पूर्तताही या एकानेच करायची.

एकच नग घडवण्याचं मोल काय असतं हे अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी उभं राहिलं की कळतं. शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर, शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. बाहेरच्या भिंतीचा हातभर तुकडा निवडून बघा. एक कोन पुढे येतो, लगेच एक आत जातो, आणि प्रत्येक कोनावर वेगळी मूर्ती, वेगळा तोल. साचा नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांच्या आणि शेडमधल्या मिस्त्रींच्या हातांना मी एकाच रांगेत बसवते. मंदिराने जागेवर उभं राहायचं होतं, एवढीच त्यांना सवलत होती.

आता हवा. बदलापूरची हवा काय आहे हे मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडखाली उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. डोंगरांनी तिन्हीकडून कोंडलेली, खाडीकडून येणाऱ्या दमटपणाने जड झालेली. आंब्याच्या झाडाला याचं काही वाटत नाही. त्याची पानं पाणी बाहेर सोडतात आणि सावली सावकाश गार होत जाते. पत्र्याच्या घरात झोपायचं तर वातानुकूलन आलं, आणि ते आलं की विजेचा हिशेब आला. दीड टनी एसी रात्रभर चालला तर दहाएक युनिट खातो. आपल्या घरी इन्व्हर्टरला जी बॅटरी असते, १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवरची, तिच्यात १.८ युनिट मावतात आणि तिचं आयुष्य राखायचं तर त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे एका रात्रीच्या झोपेसाठी अकरा-बारा बॅटऱ्या, एकेक पन्नास-साठ किलोची. सहाशे किलो वजन, आणि त्यात अजून घरातला एक दिवाही धरलेला नाही. म्हणून लिथियमच्या बॅटऱ्या घ्यायच्या: वजन झपाट्याने उतरतं, किंमत चढते. छतावर सौर पट्ट्या, इंजिनावर मोठा अल्टरनेटर, बाहेरची वीज घेण्यासाठी वेगळा प्लग, आणि या तिघांनी एकमेकांशी भांडू नये म्हणून मधे बसणारी नियंत्रणाची यंत्रं.

वीज कमी लागावी म्हणून भिंतीत फोम भरायचा. पण पत्र्याला पोचणारा एक साधा लोखंडी स्क्रूसुद्धा बाहेरची उष्णता आत आणतो. आणि पावसाळ्यात आतल्या गार पत्र्यावर दमट हवेचं पाणी होतं, फोमच्या मागे मुरतं आणि दोन-तीन वर्षांनी तिथून गंज बाहेर येतो. कोकणपट्टीत हे सर्वांत अवघड काम. बाहेरच्या पावसाला अडवणं सोपं. आपल्याच श्वासातून भिंतीमागे साठणाऱ्या पाण्याला वाट करून देणं कठीण. मिस्त्रींच्या शेडमध्ये एक माणूस फक्त हेच करत होता. बरगडी आणि पत्रा यांच्या मधल्या प्रत्येक फटीवर पट्टी चिकटवायची आणि अंगठ्याने दाबत न्यायची. त्याच्या अंगठ्याचं टोक काळं पडलेलं होतं. गाडी तयार झाल्यावर यातलं तसूभरही कुणाला दिसणार नाही.

मग पाणी. ३०० लिटरची टाकी म्हणजे ३०० किलो, आणि तेही गप्प न बसणारे. ब्रेक दाबला की टाकीतलं पाणी पुढच्या भिंतीवर आदळतं आणि गाडीला पुढे ढकलतं. म्हणून टाकीच्या पोटात आडव्या भिंती घालतात, भोकं ठेवलेल्या, म्हणजे पाणी जाईल पण धावणार नाही. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी, शौचालयाची त्याहून वेगळी. पहिली रिकामी होत जाते तशा बाकीच्या दोन भरत जातात आणि वजन गाडीच्या पोटात जागा बदलत राहतं. कुठल्याही घडीला चारही अंगांनी तोल राहिला पाहिजे. जर्मनीतल्या व्होल्कनर कंपनीच्या बसमध्ये तर पोटात अख्खी मोटार ठेवण्याचं दालन असतं. तो भार दोन्ही आसांच्या मधोमध बसवण्यासाठी सगळी बसच तिच्याभोवती रचावी लागते.

पाण्याला वाट देणं म्हणजे काय, हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जतवरून, नेरळवरून खाली येते आणि बदलापूरपाशी तिचं पात्र पसरतं. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ, उल्हासच्या पुरात थांबली. रूळ दिसेनात. पहाट झाली तेव्हा डब्यांच्या दोन्ही बाजूंना गढूळ पाण्याखेरीज काही नव्हतं. आत हजाराहून अधिक माणसं होती, लहान मुलं होती, दिवस गेलेल्या बायका होत्या. २७ तारखेला आपत्ती दलाचे जवान, नौदलाचे लोक आणि आसपासच्या गावांतली माणसं बोटी घेऊन पोचली आणि त्या सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. शेकडो टन पोलाद जिथल्या तिथे उभं होतं आणि रबराच्या हलक्या होड्या त्याच्या भोवती ये-जा करत होत्या. नदीला त्या रात्री वाईट काही करायचं नव्हतं. ती आपल्या जुन्या पात्रात परत आली होती. रूळ तिच्या वाटेत होते.

पुन्हा चालत्या घरांकडे येऊ. हौसेसाठी बांधलेलं पहिलं मोठं चालतं घर १८८५ सालचं मानतात. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त शल्यविशारद, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे, निसर्गाचे वेडे. त्यांनी ब्रिस्टलच्या रेल्वेडबे बांधणाऱ्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी करून घेतली: आत महोगनीचं काम, पुस्तकांचं कपाट, वजन दोन टनांच्या आसपास. ती ओढायला दोन घोडे, आणि रस्त्यावरच्या लोकांना सावध करायला त्यांचा सेवक तीन चाकांच्या सायकलवरून पुढे. थेट स्कॉटलंडपर्यंत ते असे गेले. घोड्यांना चढ झेपेना तिथे थांबायचे, खाली उतरायचे, फुलं बघायचे. मला हा माणूस फार आवडतो. किमतीचा एक भाग तेही सावकाशीने फेडत होते.

आपल्याकडे तर सबंध राजधानीच चालायची. ‘ऐन-ए-अकबरी’त नोंद आहे की बादशाही छावणीचा एक संच हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. शिवाय संच दोन. एक वापरात, दुसरा पेशखाना म्हणून पुढच्या मुक्कामावर आधीच पाठवलेला, म्हणजे बादशहा पोचेल तेव्हा घर उभं असेल. काही न सोडता चालायचं म्हटलं की घर दुप्पट होतं. आजच्या मोटारहोममध्येही हे दुप्पट आहेच: दोन तऱ्हेची वीज, दोन इंधनं, आतला जिना आणि बाहेरचा, उभ्या गाडीत भिंत बाहेर सरकवून खोली रुंद करणारी यंत्रणा आणि ती अडकली तर हाताने फिरवायचा दांडा. प्रत्येक सोयीमागे तिची राखीव सोय.

दिवाळी झाली की माळशेज उतरून मुरबाडकडून धनगरांचे कळप आमच्या बाजूला येतात. भात कापून झालेली खाचरं मोकळी असतात. शेतकरी मेंढरं बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. सगळं बिऱ्हाड घोड्यावर: पाल, वाघूर, दोन-चार भांडी, गोधड्या, वर बांधलेल्या कोंबड्या आणि कधी परवाच जन्मलेलं कोकरू. सकाळी चुलीचे तीन दगड जागेवर ठेवून ते निघतात, कारण दगड पुढेही मिळतात. यांचं चालतं घर जगातल्या सर्वांत सुबक घरांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं. त्यात जास्तीची एक वस्तू शोधून सापडत नाही. पण ती सुबकता पिढ्यान्‌पिढ्या सोसून आलेली आहे. उघड्यावरची थंडी, मुलांची सुटलेली शाळा, आजारी म्हातारीला घोड्यावर बसवून नेलेले मैल, हे त्यांनी मोजलेलं मोल आहे, आणि ज्याला ते मोजावं लागत नाही त्याने त्याचं नुसतं गुणगान करू नये.

कोंडेश्वरच्या वाटेवर खैर-बाभळीच्या फांदीवर बोटाच्या पेराएवढी काड्यांची मोळी लटकलेली दिसते. वाळकं काहीतरी अडकलं आहे असं वाटून नजर पुढे जाते. क्षणभर थांबलं की ती मोळी हलते. आत अळी असते. तिने सारख्या लांबीच्या काड्या कुरतडून घेतलेल्या असतात, आतून रेशमाचं अस्तर लावलेलं असतं, आणि डोकं तेवढं बाहेर काढून ती हे घर फांदीवरून ओढत नेते. वाढेल तशी नव्या काड्या जोडते. पुढे नराला पंख फुटतात आणि तो उडून जातो. यातल्या अनेक जातींत मादीला पंख येतच नाहीत. ती त्याच पिशवीत राहते, तिथेच अंडी घालते, तिथेच मरते. आणि पावसाच्या तोंडावर दगड उलथला तर खाली विंचवी असते, पाठीवर पांढुरकी पिल्लं दाटीने बसलेली. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथेच राहतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच.

गोगलगायीने वेग दिला, माशीने पोळं मागे सोडलं, अळीने पंख दिले, धनगराने ऊब आणि स्वस्थता दिली. मोटारहोम मागवणाऱ्याला यातलं काहीच द्यायचं नसतं. ताशी ऐंशीचा वेग हवा, गार झोप हवी, गरम पाण्याची आंघोळ हवी, दगडी ओटा हवा, आणि खिडकीबाहेर रान हवं. हे मागणं मला चुकीचं वाटत नाही. शेडमध्ये जी गाडी बांधली जात होती ती एका कुटुंबाने आपल्या वडिलांसाठी घेतली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही आणि डोंगर बघायची असोशी मोठी. त्यासाठी मागच्या दाराला खुर्ची उचलून घेणारी लिफ्ट बसत होती आणि पलंगाशेजारची खिडकी नेहमीपेक्षा हातभर खाली आणली होती, म्हणजे पडल्या पडल्या कड्याचा माथा दिसेल. ती खिडकी खाली आणायला दोन बरगड्या कापून सगळा भार बाजूला वळवावा लागला. नुसत्या त्या खिडकीचे पैसे ऐकून कुणी चकित होईल. मला ते जास्त वाटले नाहीत.

पण या सगळ्या हिशेबात एक बाजू अजून धरलेली नाही, आणि तिच्याबद्दल मला आग्रहाने बोलायचं आहे. गाडीच्या पोटातल्या मैलापाण्याच्या टाकीला खाली तीन इंची नळ असतो आणि एक दांडी ओढली की तो उघडतो. घरातला मैला कुठे जातो हे आपण नगरपालिकेवर सोपवून मोकळे होतो. चालत्या घरात ते रोज ठरवावं लागतं. ती दांडी कुठे ओढायची? कॅरॅव्हॅन धोरणात थांब्यांची, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या तळांची कल्पना आहे. तसा तळ उल्हासच्या काठाजवळ कुणी उभा करणार असेल तर पहिल्यांदा त्याने मैलापाण्याची पक्की टाकी बांधावी आणि ती उपसून शुद्धीकरण केंद्राकडे नेण्याची व्यवस्था करावी. बाग, कमान, फलक हे नंतर. आणि तसा तळ होत नाही तोवर इथे मुक्कामाला येणाऱ्याने टाकी भरत आली की गाडी वळवावी, शहरातली योग्य जागा गाठावी, तिथे रिकामी करावी आणि मग परत यावं. तीस-चाळीस किलोमीटरचं डिझेल जाईल. कोटीच्या घरात तेवढं बसतं. सांडपाण्याने वालधुनीचं काय झालं ते आम्ही डोळ्यांदेखत बघितलं आहे, आणि उल्हासमध्येही उन्हाळ्यात जलपर्णी पसरलेली दिसते. आमच्या गावच्या पुलाखालून जाणारं पाणी पुढे जांभूळ, मोहने, शहाड अशा ठिकाणी उचललं जातं आणि लाखो घरांत प्यायला जातं.